पोढी, धोटा आणि धरण

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत एक पोरगी आली. पाठीवर सॅक, हातात वही. पीएच.डी. करते म्हणाली. विषय काय, तर तंत्रज्ञान समाजाला कसं घडवतं आणि समाज तंत्रज्ञानाला कसा घडवतो. मी गिरणीतून सुट्टीवर आलेलो. रात्रपाळ्या करून डोळे चुरचुरत होते. मनात म्हटलं, घ्या, आता आमच्या हापशावर पण कोणीतरी डॉक्टर होणार.

ती आजीसमोर ओट्यावर मांडी घालून बसली. म्हणाली, "आजी, हापसा आला तेव्हा काय बदललं?"

आजी म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली बाई. ती म्हणाली, "बाय, हिरीवर आमाला पानी वाढायला कुनीतरी लागायचं. तासतास उभं ऱ्हायाचं, वाढा वो माय म्हनायचं. हापशावर वाढायला कुनी लागंना. पर आमी भरून वळलो का त्या दांडा धुवायच्या. आमी भरायचो दोन हंडं, त्या दांडा धुवायला सांडायच्या तीन."

पोरगी लिहून घेत होती. माझी झोप उडाली. मी दहावी नापास माणूस, जे वाचलं ते गिरणीच्या गेटाबाहेरच्या रद्दीतून आणि बुद्धविहाराच्या कपाटातून. पण आजीनं दोन वाक्यांत जे सांगितलं त्यावर तेव्हापासून विचार करतोय.

विहिरीला तोंड असतं. उघडं. तुझा पोहरा आणि माझा पोहरा त्याच पाण्यात बुडतो, म्हणून अख्खी विहीर बाटते. हापशाचं पाणी जमिनीच्या पोटात बंद. तिथं कोणाचा हात पोचत नाही. मग विटाळानं बसायचं कुठं? तो दांड्यावर येऊन बसला. यंत्रानं जात मारली नाही, तिची जागा हलवली. पण हलवली हेही खोटं नाही. आजीचं 'वाढा वो माय' बंद झालं ते बंदच झालं.

आणि उलट्या बाजूनं बघा. दुष्काळात बोअर घेतली, त्यांच्यावर बिडाचे पंप बसवले. ते पंप गोऱ्या लोकांच्या घरामागच्या अंगणातल्या पंपांची नक्कल. एका कुटुंबासाठी केलेले. आपल्याकडं त्यांच्यावर अख्खं गाव तुटून पडलं, पहाटेपासून रात्रीपर्यंत. पंप मोडून पडले. मग आपल्याच मुलखात, जालन्याला आणि सोलापूरला, मिशनच्या लोकांनी दणकट पंप तयार केले. सोलापूरच्या पंपावरून सत्तरच्या दशकाच्या शेवटी 'इंडिया मार्क टू' आला आणि पुढं जगभर गेला. म्हणजे गावानं पंप बदलला आणि पंपानं गाव थोडं बदललं. पोरीच्या पीएच.डी.चा विषय तो हाच.

आपण कार्यकर्ते पोथ्या वाचतो. मनुस्मृतीत काय लिहिलंय ते आपल्याला पाठ असतं, कारण ती जाळायची असते. पण विहीर, माग, धरण, नळ ही पण लिहिलेली असतात. ती आपण वाचत नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात जुन्नरपासून करतो, कारण ते हाकेच्या अंतरावर आहे आणि आपलं आहे. जुन्नरच्या भोवती तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री या डोंगरांत दोनशेच्या वर कोरीव कामं आहेत. लेणी आणि पाण्याची टाकी. बहुतेक इसवी सनाच्या आगेमागे दोनतीनशे वर्षांतली, बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली. लोक लेण्याद्रीला जातात ते गिरिजात्मजाला. अष्टविनायकातला हा गणपती सातव्या लेण्यात बसलाय, आणि ते लेणं म्हणजे बौद्ध विहार आहे, भोवती भिक्खूंच्या खोल्या असलेला. शेजारचं सहावं लेणं चैत्यगृह. त्यावर लेख आहे की हे कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं दान. भक्त त्याच्यासमोरून चपला हातात घेऊन पुढं जातात.

मला मात्र चैत्यापेक्षा टाकी जास्त बघाविशी वाटतात. लेखांत त्यांना पोढी म्हटलंय. पोढी म्हणजे नुसता खड्डा नव्हे. तोंड लहान ठेवायचं, आत खडक पोखरत जायचं, गरज पडली तर मध्ये खांब सोडायचा. वर खडकात पन्हळ काढून पावसाचं पाणी आत वळवायचं. तोंड लहान म्हणून ऊन आत जात नाही, पाणी उडत नाही, थंड राहतं. सह्याद्रीत चार महिने कोसळतं आणि आठ महिने टिपूस नसतो. त्या आठ महिन्यांचं उत्तर म्हणजे पोढी. एका जागी राहणाऱ्या संघाला ती हवीच होती. वर्षावासात एका ठिकाणी थांबायचा नियम, त्यातून विहार, विहारातून पोढी. धम्माच्या नियमानं छिन्नीला काम दिलं.

पोढी कोणी दिली ते वाचा. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम, वत्स गोत्राचा, यानं वर्ष ४६ मध्ये मानमोडीवर पोढी आणि मंडप दिला. इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दिल्या. यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा किंवा तिकडून आलेला परका माणूस. चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिली. यवनानं दिलेलं पाणी भिक्खू पीत होते. कोणी त्या पोढीचा काठ धुतल्याचा लेख मला सापडलेला नाही. आणि पिणारे तरी कोण? ज्या संघाच्या कथांत उपाली न्हावी आहे, सुनीत भंगी आहे. आनंदानं विहिरीवर मातंगाच्या पोरीकडं पाणी मागितलं, ती म्हणाली मी मातंगाची, तो म्हणाला मी जात विचारली नाही, पाणी मागितलंय. पाणी प्यायच्या दोन पद्धती या देशात तेव्हापासून आहेत.

आणखी एक लेख सांगतो, तो वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्यात दानाची रक्कम दोन श्रेण्यांकडं ठेव म्हणून गुंतवल्याची नोंद आहे. वासकारांच्या श्रेणीकडून महिना पावणेदोन, कासारांच्या श्रेणीकडून पाव. वासकार म्हणजे बांबूकाम करणारे, असा विद्वानांनी अर्थ लावलाय. विचार करा. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरच्या बाजारात बांबू फोडणाऱ्यांची श्रेणी म्हणजे पेढी होती. लोक त्यांच्यावर विश्वास ठेवून पैसा ठेवत होते. आज बांबूकाम करणारा बुरूड महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. तेच लोक वंशानं खाली आले असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडं नाही. पण काम तेच, कोयता तोच, बांबू तोच. हत्यार बदललं नाही आणि हत्याराची किंमत पेढीवरून सुपापर्यंत घसरली. मग ज्याला हत्यार चांगलं म्हणजे माणसाची उन्नती झालीच असं वाटतं, त्यानं याचं उत्तर द्यावं.

जुन्नरवरून वर गेलं की नाणेघाट. खाली कोकण, कल्याण, समुद्र. घाटाच्या तोंडाशी लेणं, त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख. त्यात भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी काही अंक कोरलेत. भगवानलाल इंद्रजींनी १८७०च्या दशकात ते उलगडून दाखवले. आज आपण बसच्या पाटीवर जे आकडे वाचतो त्यांचे पूर्वज ते. आता ते आकडे मोजतात काय? अश्वमेध, राजसूय असे यज्ञ झाले त्यांची दक्षिणा. शेकड्यांनी हजारांनी गाई, घोडे, कार्षापण. तीच ब्राह्मी लिपी, तसेच आकडे, डोंगराच्या अलीकडं पोढ्या मोजतात आणि बांबूवाल्यांचं महिन्याचं व्याज मोजतात. आकडा दोघांचाही. आकड्याला जात नाही म्हणणारा बरोबर आहे. आकडा कोणाच्या हातात आहे हे न विचारणारा चूक आहे.

याच वाटांनी आमची माणसं मुंबईला गेली. जुन्नर-आंबेगावची अर्धी कर्ती माणसं मुंबईच्या पोटात जिरली, हमालीत, गोदीत, गिरणीत. माझा पणजोबा गेला तो त्रासनखात्यात लागला, म्हणजे सुताच्या खात्यात. जन्मभर तिथंच राहिला. साच्यावर, म्हणजे कापड विणायला, त्याला कधी घेतलं नाही. विणकराला पगार जास्त. मग का नाही गेला? याचं कारण धोट्यात आहे.

धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणारी लाकडी होडी. तिच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. हातानं ओवायला वेळ लागतो. म्हणून भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा, धागा सुर्रकन बाहेर. लँकेशायरमध्ये सगळे हेच करायचे. तिथं त्याच्यावर बोंब झाली ती रोगाची, एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाते म्हणून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ मध्ये कायदा करून तसले धोटे बंद केले. तोच धोटा जहाजातून मुंबईला उतरला आणि त्याचा अर्थच बदलला. इथं कोणी क्षयाची काळजी केली नाही. इथं म्हणाले, महाराचं तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावायचं कसं? आणि साचेखात्याचं दार बंद. मालकानं बंद केलं म्हणावं तर बरोबरीचे कामगारही त्यात होते. लाल बावट्याखाली खांद्याला खांदा लावून उभे राहणारे.

१९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हाच प्रश्न मांडला. संपाच्या मागण्यांत आमच्या माणसाला साचेखात्यात घ्या ही मागणी का नाही? पुढाऱ्यांना ते अडचणीचं वाटलं. कामगारांत फूट पडेल म्हणाले. फूट धोट्याच्या भोकात आधीच पडलेली होती.

मी हे गिरणीत एका जुन्या मुकादमाला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, आता धोटाच नाय, कसला इतिहास उगाळतोस. खरंय. बिनधोट्याचे माग आले, हवेच्या झोतानं आडवा धागा फेकतात, तोंड लावायचा प्रश्नच मिटला. पण तोवर १९८२ चा संप होऊन गेला होता आणि मुंबईच्या गिरण्यांची धुराडी एकेक करून पडत होती. ज्या खात्याचं दार पणजोबाला बंद होतं ते उघडलं तेव्हा मागं खातंच उरलं नव्हतं.

इथं आपल्यातले दोन प्रकारचे मित्र माझ्याशी भांडतात. पहिला म्हणतो, यंत्र आलं, शहर आलं, की जात आपोआप जाते. त्याला मी धोटा दाखवतो. दुसरा म्हणतो, यंत्र, विज्ञान, धरण हे सगळं त्यांचंच, आपल्याला गाडायला आणलेलं. त्याला मी आजीचा हापसा दाखवतो. आणि दोघांनाही बाबासाहेबांचं १९४५ चं पुस्तक वाचायला सांगतो, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं ते. त्यात गांधीवादाच्या प्रकरणात यंत्रावर त्यांनी सरळ मत दिलंय. यंत्रामुळं दुःख आलं हे कबूल, पण दोष यंत्राचा नाही, खाजगी नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा. रचना बदला, यंत्र टाकू नका. कारण यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही, आणि फुरसतीशिवाय माणूस जनावरासारखा जगतो. ज्याच्या आईबापांनी पाठीवर ओझी वाहिली त्यालाच हे कळणार. चरख्याचं कौतुक करायला आधी पोट भरलेलं लागतं.

बाबासाहेब नुसते बोलले नाहीत. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज त्यांच्या खात्यात. दामोदर खोऱ्याची योजना, १९४५ मध्ये स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग व सिंचन आयोग, ही कामं त्या काळातली. पूर म्हणजे संकट असं न मानता पाणी साठवून त्याची वीज आणि शेती करायची, आणि ती गरिबाला मिळायची, असं त्यांचं धोरण. आपण संविधानाचा फोटो लावतो, या कामाचा लावत नाही.

पण आंबेगावात राहून हे लिहायचं तर लेखणी अडखळते. कारण आमच्या तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते गावच पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं, २००० साली पुरं झालं, आणि जुनं आंबेगाव गेलं. त्याच्याबरोबर आजूबाजूची आदिवासी गावं, महादेव कोळ्यांची, ठाकरांची शेतं. कचेरी घोडेगावात आहे, नाव आंबेगावचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचे दगड वर येतात. लोक बघायला जातात, फोटो काढतात.

डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे ही पाच धरणं मिळून कुकडी प्रकल्प. पाणी कालव्यांनी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, पार करमाळ्यापर्यंत जातं. तिकडच्या दुष्काळी मुलखाला ते पाहिजेच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण डोंगरावरचा कोळी धरणाकडं वरून बघतो. पाणी त्याच्या पायाखाली, आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. कालवा उतारानं जातो हे भौतिकशास्त्र. उताराच्या वरच्या माणसासाठी उपसा करायला पैसा नाही हे राजकारण. इंजिनिअर पहिलं सांगतो आणि दुसरं त्याच्याआड लपतं.

त्या लोकांनी काय केलं तेही सांगतो, नाहीतर आपण नुसते हळहळे व्हायचो. पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत पेरायचा हक्क त्यांनी मागितला. बुडालेल्या शेतांवरच्या पाण्यात मासेमारी करायला स्वतःची सहकारी संस्था उभारली. शेत गेलं तर शेतावरचं पाणी आमचं, हा दावा मला चवदार तळ्याच्या रांगेतला वाटतो. त्या लढ्यात आपले किती कार्यकर्ते गेले? मी पण गेलो नाही, तेव्हा मी जन्मलोच होतो नव्हतो. पण आजही बाबासाहेबांच्या धरणांवर भाषण करताना आपण डिंभ्याचं नाव घेत नाही, आणि डिंभ्यावर बोलणारे बाबासाहेबांचं घेत नाहीत.

खाली पाणी पोचलं तिथं ऊस झाला. उसात बिबट्या राहायला आला. त्याला पाणी, आडोसा, कुत्रीडुकरं सगळं मिळालं. आता उसातच जन्मलेले बिबटे आहेत, ज्यांनी जंगल पाहिलेलंच नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी केंद्र काढावं लागलं. शेतीची वीज रात्रीची आली तर भरणं रात्री. बागायतदार घरात झोपतो, दारं धरायला सालगडी जातो बॅटरी घेऊन. ऊसतोडीवाल्यांची कोपी फडाच्या कडेला, तिला दार नसतं, आत लेकरू झोपलेलं. धरण, ऊस, विजेचं वेळापत्रक आणि बिबट्या ही चारही एकाच साखळीची कडी, आणि साखळीचं टोक कोणाच्या गळ्याशी येतं ते पोलिसाच्या पंचनाम्यात वाचायला मिळतं.

खोडदची दुर्बीण सोडून जुन्नर पुरं होत नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मधोमध एका ठिकाणी, बाकीच्या १६ तीन फाट्यांवर दूरवर. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाची कल्पना. भरीव पत्रा न वापरता ताणलेल्या तारांची जाळी वापरली, वारा आरपार जातो, लोखंड कमी लागतं, खर्च कमी. गरीब देशाच्या खिशानं घडवलेलं यंत्र. आणि आता ते यंत्र मुलूख घडवतंय. आकाशातला बारीक आवाज ऐकायला खाली शांतता लागते, म्हणून आसपास कारखान्यांवर बंधनं. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग या दुर्बिणीमुळं बदलावा लागणार, असं २०२५ मध्ये जाहीर झालं आणि तालुक्यात संताप उसळला. मला दुर्बिणीचा अभिमान आहे. पण रेल्वे गेली तर ज्याच्याकडं गाडी आहे त्याचं फार बिघडत नाही. बाकीच्यांसाठी एस.टी.चा फाटा आहेच.

तर त्या पोरीकडं परत. जाताना तिनं आजीला विचारलं, "आता घरात नळ आलाय, आता काय?" नळ आलाय हे खरं. दांडा धुवायचा प्रश्न नाही, तोटी ज्याची त्याच्या घरात. आजीनं तिला हाताला धरून वस्तीच्या तोंडाशी नेलं आणि जमिनीतला व्हॉल्व्ह दाखवला. "ह्यो फिरवला का पानी येतं. आमी पायपाच्या शेवटाला. वरच्या आळीच्या टाक्या भरल्या का मग आमाला."

पोरगी म्हणाली, "चावी कोणाकडं असते?"

आजी म्हणाली, "ते लिव्ह."

येत्या रविवारी आम्ही पाचसहा जण मानमोडीवर चाललोय, अयमाची पोढी आणि त्याचा लेख बघायला. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी सातला जुन्नर स्टँडवर यावं. बॅटरी आणि पाणी बरोबर घ्या. लेण्यांत आग्या मोहोळं आहेत, बिडी-सिगारेट कोणी पेटवू नये.